दुरुस्ती कोणाच्या हातची?

२०२५ च्या २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले. एसी, ३२ इंचांहून मोठे टीव्ही आणि डिशवॉशर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. त्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहिरातींचा नुसता पूर आला आणि त्यातून वादाला तोंड फुटलं. मावसभावाचं म्हणणं, ‘आता जुना एसी दुरुस्त करत बसण्यात काही राम नाही. मेकॅनिक येणार, गॅस भरणार, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणार. त्यापेक्षा नवीन घ्या, वीजबिल तरी कमी होईल.’ त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर : ‘वापरा आणि फेका ही थेरं तिकडची. आपल्याकडे वस्तू शेवटपर्यंत वापरतात.’ यातलं ‘तिकडची’ म्हणजे माझी. मी म्युनिकला राहते, त्यामुळे युरोपाच्या सगळ्या पापांचा जाब मलाच विचारला जातो.

हा वाद आमच्या घरापुरता नाही. ‘राइट टू रिपेअर’चा, म्हणजे आपली वस्तू दुरुस्त करता येण्याच्या हक्काचा, विषय निघाला की भारतात हेच दोन सूर लागतात. एक म्हणतो, जुन्याला कवटाळून बसणं हा गरिबीचा वारसा आहे, आता त्यातून बाहेर पडा. दुसरा म्हणतो, दुरुस्ती आपल्या रक्तातच आहे, ती आम्हाला परदेशी कायद्यांनी शिकवायची गरज नाही. मला दोघांचंही अर्धंच पटतं. आणि काकांची क्षमा मागून सांगते, ज्या परंपरेचा ते एवढा अभिमान बाळगतात, त्या परंपरेत स्वतः काकांनी कधी पाना हातात धरलेला मी पाहिलेला नाही. मिक्सर बंद पडला की तो कापडी पिशवीत घालायचा, नाक्यावर नेऊन द्यायचा, संध्याकाळी परत आणायचा आणि पन्नास रुपये जास्त लावले म्हणून रात्री जेवताना कुरकुर करायची, एवढाच त्यांचा दुरुस्तीशी संबंध. वस्तू वाचली ती नाक्यावरच्या त्या माणसामुळे. आणि तो माणूस आपल्याला परवडला, कारण त्याच्या दिवसभराच्या कामाचं मोल आपण सगळ्यांनी मिळून कमी धरलं होतं.

इथे ते मोल जास्त आहे, आणि तिथेच सगळं गणित फिरतं. जर्मनीत जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. प्रशिक्षित तंत्रज्ञाचा तास अर्थातच याच्या कितीतरी वर. तो घरी येतो ते गाडी घेऊन, आणि त्या येण्याचे पैसे वेगळे लागतात. त्याने यंत्राला हात लावला नाही तरी लागतात.

आमच्या वॉशिंग मशीनचं उदाहरण सांगते. पाणी भरत होतं, पंप पाणी बाहेरही टाकत होता, पण ड्रम जागचा हलत नव्हता. सर्व्हिसला फोन केला तर पहिला प्रश्न ‘काय बिघडलंय’ हा नव्हताच. ‘मशीन किती जुनं आहे’ हा होता. आठ वर्षांचं, असं सांगितल्यावर पलीकडचा माणूस प्रामाणिकपणे म्हणाला की येऊन तपासण्याचेच शंभरेक युरो होतील, भाग आणि मजुरी त्यावर. तुम्ही नवीन का बघत नाही? त्याचं काही चुकत नव्हतं. बऱ्यापैकी नवीन मशीन चारपाचशे युरोंत मिळतं. इथला माणूस वस्तू टाकतो तो माजून टाकतो असं घरी समजतात. पुष्कळदा तो फक्त बेरीज करून टाकतो.

मी ते टाकलं नाही, यात माझ्या संस्काराचा वाटा किती आणि हट्टाचा किती, सांगता येणार नाही. आमच्या भागात महिन्यातून एकदा रिपेअर कॅफे भरतो : बिघडलेली वस्तू घेऊन जायचं आणि जाणकारांच्या मदतीने आपणच दुरुस्त करायची. मशीन तिथे उचलून नेणं शक्यच नव्हतं, म्हणून नुसती लक्षणं घेऊन गेले. आयुष्यभर कारखान्यात विजेच्या मोटरींवर काम केलेले एक निवृत्त गृहस्थ तिथे बसतात. त्यांनी दोन प्रश्न विचारले : बंद पडायच्या आधी काही दिवस ड्रम मध्येच अडखळत होता का, आणि जळका वास आला होता का. दोन्हींची उत्तरं ‘हो’ आल्यावर म्हणाले, ब्रश बघा.

ब्रश म्हणजे आपले कार्बन. ‘मिक्सरचे कार्बन गेलेत’ हे वाक्य मराठी घरांत कोणी ऐकलं नसेल असं नाही. तोच प्रकार, फक्त यंत्र मोठं. प्लग काढला, नळ बंद केला, मशीन भिंतीपासून ओढून पाठीमागचा पत्रा उघडला. खाली मोटर, वर ड्रमचं मोठं चाक, दोघांना जोडणारा चपटा पट्टा. पट्टा हाताने फिरवत फिरवत चाकावरून उतरवता येतो. मोटरचे बोल्ट सोडवले की ती पुढे सरकवून बाहेर काढायची. वजन चांगलंच असतं, बोटं जपायची. मोटरच्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिकची दोन घरं असतात आणि प्रत्येकात स्प्रिंगने दाबून धरलेली कार्बनची कांडी. नवी कांडी बोटाच्या दोन पेरांएवढी असते. माझ्या मोटरमधली एक झिजून नखाएवढी उरली होती आणि आजूबाजूला काळी भुकटी पसरली होती. कांडी फिरत्या भागाला टेकतच नव्हती, मग वीज पोचणार कुठून? नव्या जोडीला पंधरा युरोसुद्धा लागले नाहीत. बसवल्यावर पहिल्या फेरीला थोडा खरखर आवाज येतो, कांडी घासून आपला बाक धरते, मग शांत होते. (हल्लीच्या इन्व्हर्टर मोटरींत ब्रश नसतातच. त्यांची दुखणी वेगळी, त्यावर पुढे येते.)

पैशांचा हिशेब मांडला तर यात मी फार मोठं काही कमावलं नाही. सबंध शनिवार गेला. तो पगाराच्या दराने मोजला तर तंत्रज्ञाला बोलावणंच स्वस्त पडलं असतं. ‘स्वतः करा, पैसे वाचवा’ अशा सुरात जे लिहिलं जातं, त्यात हा शनिवार कुठेच धरलेला नसतो. पण एक गोष्ट बदलली ती कायमची. नंतर एका मैत्रिणीबरोबर मशीन घ्यायला दुकानात गेले, तेव्हा मी स्पिनचा वेग आणि रंगीत डिस्प्ले सोडून भलतंच विचारत होते : बाहेरचा टब बोल्टने जोडलेला आहे की दोन अर्धी प्लॅस्टिकं वितळवून कायमची चिकटवलेली? कारण टब चिकटवलेला असेल तर आतलं बेअरिंग गेल्यावर नुसतं बेअरिंग बदलता येत नाही, अख्खा टब घ्यावा लागतो, आणि त्याच्या किमतीत लोक नवीन मशीनच घेतात. विक्रेत्याला उत्तर माहीत नव्हतं. हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नाही, असं तो म्हणाला. यंत्र एकदा उघडलेलं गिऱ्हाईक वेगळे प्रश्न विचारतं. माझ्या दृष्टीने स्वतः दुरुस्ती करण्याचा खरा फायदा हा आहे, वाचलेले पैसे त्याच्या पुष्कळ खाली येतात.

रिपेअर कॅफेची कल्पना मूळची नेदरलँड्सची. मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी ऑक्टोबर २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पहिला भरवला. आज जगभरात अडीच हजारांहून जास्त ठिकाणी भरतात. इथले नियम मला आवडतात. तुम्ही वस्तू ठेवून निघून जायचं नाही. शेजारी बसायचं, स्क्रू तुम्हीच सोडवायचे, जाणकार फक्त सांगणार. आधी एका कागदावर सही करायची, की वस्तू आणखी बिघडली तर तक्रार नाही. विजेची वस्तू असेल तर दुरुस्तीनंतर सुरक्षिततेची चाचणी झाल्याशिवाय हातात मिळत नाही. म्युनिकला याची पाळंमुळं आणखी जुनी आहेत : हायधाउझेन भागात ‘हाउस डेर आयगेनआर्बाइट’ नावाची सार्वजनिक कार्यशाळा १९८७ पासून चालू आहे. सुतारकामाचं टेबल, लोखंडाचं काम, हत्यारं, सगळं तासाच्या हिशेबाने वापरायला मिळतं आणि अडलं तर शिकवणारे असतात.

मात्र हे चित्र घरी पाठवताना मी कधीच पूर्ण रंगवत नाही, कारण ते पूर्ण नाहीच. रिपेअर कॅफेत दुरुस्त करायला बसणारे बहुतेक निवृत्त पुरुष आहेत. येणाऱ्या वस्तू म्हणजे टोस्टर, टेबललॅम्प, आजीचा रेडिओ. त्याच वेळी गावभरच्या कचरासंकलन केंद्रांवर चालू अवस्थेतले टीव्ही येऊन पडतात, आणि तिथे टाकलेली वस्तू उचलून घरी नेण्याची मुभा नाही; एकदा टाकली की ती पालिकेची. म्युनिकच्या कचरा विभागाने ‘हाले २’ नावाचं जुन्या वस्तूंचं दुकान चालवून त्यातल्या काही वस्तू विकायला काढल्या, हे चांगलंच केलं, पण एकूण ढिगाच्या मानाने ते चिमूटभर. २०२४ च्या ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’ अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला, आणि माणशी कचऱ्यात युरोप पहिला : १७.६ किलो. तेव्हा काकांचा ‘तिकडची थेरं’ हा आरोप मी निमूटपणे मान्य करते.

पण याच ढिगाच्या भीतीने इथे कायदे झाले आहेत, आणि ते नीट पाहण्यासारखे आहेत. मार्च २०२१ पासून युरोपीय संघात वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर विकणाऱ्या कंपनीला त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान १० वर्षं (डिशवॉशरच्या काही भागांसाठी ७) सुटे भाग पुरवावे लागतात आणि मागणी आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत पोचवावे लागतात. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि गवत कापायच्या यंत्रावर १० पैकी गुण छापायला लावले : ही वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे. ऑस्ट्रियाने २०२२ मध्ये दुरुस्तीचं निम्मं बिल, कमाल २०० युरोपर्यंत, सरकारी तिजोरीतून द्यायला सुरुवात केली. स्वीडनने २०१७ मध्ये सायकली, चपला-बूट आणि कपड्यांच्या दुरुस्तीवरचा कर २५ वरून १२ टक्क्यांवर आणला. २०२४ मध्ये युरोपीय संघाचा दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर झाला. सदस्य देशांनी तो आपापल्या कायद्यांत उतरवायची मुदत ३१ जुलै २०२६. त्यातलं एक कलम मला विशेष वाटतं : आधी बाहेरच्या कोणी दुरुस्ती केली होती, एवढ्याच कारणावरून कंपनीला पुढची दुरुस्ती नाकारता येणार नाही.

या कायद्यांना एक भोक मात्र आहे, आणि आपल्याकडची चर्चा ऐकताना मला सतत तेच आठवतं. २०२१ च्या नियमांत सुटे भाग दोन याद्यांत विभागले आहेत. दाराचं रबर, बिजागरी, साबणाचा खण असल्या गोष्टी कोणालाही मिळतात. मोटर, पंप, हीटर, इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती देण्याचं बंधन फक्त ‘व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यां’साठी आहे. म्हणजे ज्याच्याकडे योग्यतेचा पुरावा आणि विमा आहे त्याच्यासाठी. माझ्या मशीनचे कार्बन मला मिळाले ते बाजारात इतर कोणी बनवून विकतो म्हणून. कायद्याच्या भरवशावर बसले असते तर खात्री नव्हती.

जर्मनीत ही विभागणी एक वेळ चालून जाते. इथे प्रत्येक धंद्याला शिकाऊ उमेदवारी, परीक्षा, नोंदणी हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या आहे. हीच विभागणी उचलून भारतात नेली तर काय होईल? नाक्यावरच्या ज्या माणसाने काकांचा मिक्सर वीस वर्षं चालता ठेवला, तो कायद्याच्या लेखी कोणीच उरणार नाही. त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. तो शिकला आपल्या उस्तादाच्या हाताखाली, फटके खात, चहा आणून देत. मग ‘व्यावसायिक’ कोण? कंपनीचं अधिकृत सेवाकेंद्र. म्हणजे दुरुस्तीचा हक्क देता देता आपण कंपन्यांना पुन्हा मक्तेदारीच आंदण देऊ.

ही भीती हवेतली नाही. आपल्याकडे हे आधी घडून गेलं आहे, मोटारींच्या बाबतीत. गाड्यांचे सुटे भाग आणि तांत्रिक माहिती खुल्या बाजारात मिळू न देता फक्त आपल्या अधिकृत विक्रेत्यांकडे ठेवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण आयोगाने बोट नेमकं ठेवलं होतं : गाडी घेणाऱ्याला वाटतं आपण गाडी घेतली, प्रत्यक्षात तो पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांसाठी एकाच दुकानाला बांधला जातो. हा निकाल २०१४ चा. युरोपातले बहुतेक कायदे त्यानंतरचे. आपल्या वादात हे कोणी आठवत नाही, याचं मला नवल वाटतं.

त्यानंतर जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिने चार क्षेत्रं ठरवली : शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू, आणि वाहनं. शेतीची अवजारं पहिल्या यादीत आली, हे शहाणपणाचं होतं. पेरणीच्या ऐन दिवसांत बंद पडलेला ट्रॅक्टर अधिकृत माणसाची वाट बघत उभा राहू शकत नाही. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. तिथे कंपन्यांच्या माहितीपुस्तिका, वॉरंटीच्या अटी, सेवाकेंद्रांचे पत्ते एका जागी मिळतात. उपयोग आहे, पण बराचसा मजकूर शेवटी ‘आमच्या केंद्रात या’ इथेच आणून सोडतो.

मे २०२५ मध्ये आणखी एका समितीने मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’चा आराखडा सरकारला दिला. वस्तू किती पायऱ्यांत उघडते, सुटे भाग वेळेत मिळतात का, दुरुस्तीची माहिती, लागणारी हत्यारं, स्क्रू कोणत्या जातीचे, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ, असे निकष आहेत आणि गुण कंपनीने स्वतः जाहीर करायचे आहेत. जून २०२५ पासून युरोपात फोनवर जे नवं लेबल आलं, त्याचे निकष जवळपास हेच. आणि या युरोपीय लेबलावर इथे जी मुख्य टीका होते, ती आपल्यालाही लागू पडेल : सुट्या भागाची किंमत त्यात मोजलीच जात नाही. फोन तीन मिनिटांत उघडतो, स्क्रीन दुसऱ्या दिवशी मिळते, पण स्क्रीनची किंमत नव्या फोनच्या निम्मी. मग उघडून करायचं काय? फ्रान्सच्या जुन्या गुणांकनात भागाच्या किमतीला स्वतंत्र गुण होते, शंभरातले वीस. नक्कल करायचीच तर आपण ती फ्रान्सची करायला हवी होती.

मोबाइलपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती छताच्या पंख्याची. पंखा हळू फिरायला लागला की आपल्याकडे कोणीही सांगतो, ‘कंडेन्सर गेला.’ छोटासा कपॅसिटर, अडीच-तीन एमएफडीचा, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. मेन बंद करून, तारा नीट बघून तो बदलायला दहा मिनिटं पुरतात. गुंडाळी जळली तर रिवाइंड करणारा गावोगाव आहे. असा पंखा तीस-तीस वर्षं फिरतो. आता त्याच्या जागी बीएलडीसी पंखे (इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या मोटरीचे) येत आहेत, आणि यायलाच हवेत : जुना पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॅट खातो, हा तीस-पस्तिसात भागवतो. जानेवारी २०२३ पासून पंख्यांना बीईईचं (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) स्टार लेबल सक्तीचं झालं, त्यामुळे त्यांचा प्रसार आणखी वाढला. मावसभावाचा विजेचा मुद्दा इथे शंभर टक्के बरोबर आहे. पण या पंख्याच्या पोटात एक बोर्ड असतो. व्होल्टेज वरखाली होऊन तो गेला की नाक्यावरचा माणूस हात वर करतो. प्रत्येक कंपनीचा बोर्ड वेगळा, कधी कधी तर राळेसारख्या रसायनात बुडवून घट्ट केलेला, ना वाचता येत ना उकरता येत. मग कंपनीला फोन, वॉरंटी संपलेली असेल तर मिनतवाऱ्या, आणि शेवटी नवीन पंखा. तीस वर्षांच्या वस्तूची पाच वर्षांची वस्तू झाली तर वाचलेल्या विजेतून नवा पंखा बनवायला आणि आणून टांगायला लागलेलं सगळं वजा करायला हवं. ते कोणी करत नाही.

याच्या उलट आपला प्रेशर कुकर बघा. रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, मूठ, सगळं कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतं, कोणाच्या आजीलाही बदलता येतं. मिक्सरखालचा कपलरही तसाच : भांडं अडकलं तर मोटर जळण्याआधी तो मुद्दाम तुटावा म्हणूनच असतो, आणि किरकोळ किमतीत नवा मिळतो. असल्या वस्तू भारतीय कारखान्यांनी भारतीय घरांसाठी केल्या. दुरुस्तीची ही सोय ठेवायला कुठल्या परदेशी कायद्याची गरज पडली नव्हती.

आता जरा टोचणारी गोष्ट. स्वतः दुरुस्ती करावी असं मी घरी सुचवलं की हसू होतं. ‘जर्मनीत मोलकरीण नाही म्हणून तुला हे सुचतं.’ खरं आहे, म्हणूनच सुचतं. पण या हसण्यात आणखी काही मिसळलेलं असतं. शिकलेल्या घरात हाताला वंगण लागणं कमीपणाचं मानलं जातं. ते काम ठरावीक जातींचं, ठरावीक वस्त्यांचं. आणि बाईने स्क्रू-ड्रायव्हर धरला तर दुप्पट नवल. म्युनिकमध्ये आमच्या वरच्या मजल्यावरचे न्यायाधीश रविवारी जिन्यात सायकल उलटी करून साखळी साफ करतात, यात कोणाला काही वाटत नाही. आपल्याकडे ज्याने वस्तू वाचवल्या त्याला आपण मान दिला नाही, आणि आता त्याची मुलं त्या धंद्यात यायला तयार नाहीत. का यावीत? त्यांना डिलिव्हरीच्या कामात रोजचे रोज पैसे मिळतात. मग ‘रक्तातली’ दुरुस्ती आणखी किती वर्षं टिकणार, हा प्रश्न मी ग्रुपवर विचारला. त्यावर अंगठा आला.

सगळं स्वतः करावं असं मी अजिबात म्हणत नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनचं कव्हर घरी काढू नये. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर जीव जाईल एवढा भार धरून ठेवू शकतो. एसीमधला गॅस आणि स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी ही प्रशिक्षित माणसाचीच कामं. जर्मनीत तर शेगडीला थेट वीजजोडणी देण्याचं काम नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडेच द्यायचं असतं, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे उलटं टोक दिसतं : अर्थिंग नसलेल्या घरात दोन तारा सॉकेटमध्ये काडीने खुपसून चालवलेलं ड्रिल. तिथे रिपेअर कॅफेतलं ते चाचणीचं यंत्र प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानात पोचलं तर कायद्याच्या दहा कलमांपेक्षा जास्त काम होईल.

तेव्हा काका आणि मावसभाऊ दोघांनाही मी जे लिहून पाठवलं ते असं. नवीन एसीवर १८ टक्के आणि जुना दुरुस्त करण्याच्या सेवेवरही १८ टक्के, यात सरकारने नवीनवाल्याची बाजू घेतली आहे. दहा टक्क्यांची सूट फक्त त्यालाच मिळाली. दुरुस्तीचा दर खाली आणा, मग परंपरेच्या गप्पा मारू. ‘व्यावसायिक’ कोण हे ठरवताना नाक्यावरच्या कारागिराला आत घ्या. आधीच अवगत असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहेच. मिक्सर-पंखेवाल्यांसाठी ती त्यांच्या गल्लीत नेऊन राबवावी लागेल, दिवसाची कमाई बुडवून ते कुठल्या केंद्रात येणार नाहीत. आणि पंख्याच्या बाबतीत तर नव्या लेबलाचीही गरज नाही. बीईईचं स्टार लेबल प्रत्येक पंख्यावर असतंच. त्यावर वॅट आणि तारे आहेत, त्याखाली आणखी दोन ओळी छापायला लावा : बोर्ड किती वर्षं मिळेल, आणि केवढ्याला.